तुतीच्या रंगाची ओढणी

गुलिझार जर्मनीला लेकीकडे निघून गेली, ती जर्दाळूंवरून भांडून. तिचा नवरा हिदिर जर्दाळूंना गंधकाची धुरी द्यायचा, म्हणजे ते सोनेरी राहतात. तिला नुसत्या उन्हात वाळवलेले काळे आवडत. ते तुझ्या वडिलांच्या कानांसारखे दिसतात, असं हिदिर म्हणाला. वडील समोरच बसले होते.

जाताना तिने तुतीच्या रसात रंगवलेली आपली जांभळी ओढणी खुंटीला लावली. "मी हवी असेन तेव्हा ही गच्चीवर टांग. साकिने कळवेल मला." साकिने म्हणजे समोरच राहणारी तिची धाकटी बहीण.

हिदिरने अख्खा हिवाळा ताठ्यात आणि ओढणीशी बोलण्यात काढला. रोज चहाचे दोन पेले भरायचा आणि दोन्ही स्वतःच प्यायचा. दुसरा जरा हळू.

जर्दाळू पिकले तेव्हा मात्र त्याला राहवेना. ओढणी धुतली, तशीच ओली खांद्यावर टाकून गच्चीकडे निघाला. वाटेत धुरीचं काम उरकू म्हणून धुरीच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवली. ट्रे लावले, गंधक पेटवलं, दार ओढून फटी चिखलाने लिंपल्या. चहा ओतताना ओढणी आठवली. तोवर आत असा धूर कोंडला होता, की दार उघडणारा जर्दाळूंच्या आधी वाळला असता.

सकाळी जर्दाळू सोनेरी आणि ओढणी दुधासारखी. धूर ओल्या कापडात मुरला, त्याचं आम्ल झालं आणि त्याने रंग गिळला. हिदिरने तीच टांगली. दुसरी कुठून आणणार?

साकिनेने लगेच फोन लावला. दाजींनी पांढरं निशाण फडकवलंय म्हणाली, पार शरण आलेत. गुलिझारने त्याच दिवशी तिकीट काढलं.

पण गंधकाने नेलेला रंग कायमचा जात नाही. ऊन-वारा लागला, मुरलेला धूर उडून गेला, आणि ती पोचली तेव्हा गच्चीवर ओढणी जांभळीच.

गुलिझार बॅग न ठेवताच वर बघत राहिली. "तेवढ्यात शरणागती मागे घेतलीस?"

"नाही गं. थांब, परत पांढरी करून आणतो. मूठभर गंधक लागेल फक्त."

"गंधक?"

हिदिर म्हणाला, "यंदाचे उरलेले जर्दाळू काळेच करू."

तिने बॅग खाली ठेवली. त्याने चहाचे दोन पेले भरले, एक संपवला आणि सवयीने दुसरा तोंडाला लावणार, एवढ्यात तिने तो हातातून काढून घेतला.