पोपटी मास्क

"राणी रंग दोघींनी आणलाय," केवळाबाईंनी शिलाई मशीन थांबवून सांगितलं. "एकीनं तरी बदलून आणा. न्हाईतर दोघी एकाच माणसाला हात करीत बसताल, कालच्यासारख्या."

ओट्याखाली उभ्या असलेल्या दोघी खाली बघून हसल्या. काल खरंच तसं झालं होतं. एकीचा सासरा समजून दुसरीच्या नवऱ्याला बराच वेळ खुणा झाल्या होत्या आणि त्या बिचाऱ्यानेही दोघींना मान हलवून उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या लाटेत निलंग्याबाहेरच्या एका वसतिगृहात कोविड सेंटर उघडलं, तेव्हा गल्लीतल्या कितीतरी घरांतली माणसं तिथं गेली. आत कुणाला सोडत नव्हते. ऊन उतरलं की ज्यांना चालवत होतं ते आजारी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन उभे राहायचे, आणि घरची माणसं रस्त्याच्या अलीकडे लिंबाखाली. पण वर सगळ्यांच्या तोंडावर सेंटरचे एकसारखे निळे मास्क. एवढ्या लांबून कोण बाप आणि कोण परका, काही समजायचं नाही. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्या तर अंदाजानेच रडून घ्यायच्या.

केवळाबाईंना हे असलं अंदाजाचं काम पटत नसे. अर्धं निलंगा त्यांनी शिवलेले झंपर घालत होतं. त्यांनीच तोड काढली. आपल्याकडे लग्न असो की वास्तुशांत, बाईच्या हातात झंपराचा पीस पडतोच, आणि तो शिवायचा नसतो. पुढच्या लग्नात दुसरीच्या हातात द्यायचा असतो. काही पीस असे लातूर-नायगाव बघून पुन्हा मूळ मालकिणीकडे येतात आणि ती त्यांना ओळखूनही काही बोलत नाही. आता लग्नंच बंद, त्यामुळे हे सगळे प्रवासी घरोघरच्या ट्रंकांत अडकून पडले होते. केवळाबाईंनी ते बाहेर काढायला लावले. एका घराला एक रंग. वरून पीस, आतून जुन्या धोतराचं मऊ कापड, मागे बांधायला नाड्या. सेंटरच्या निळ्या मास्कवरून तो बांधायला डॉक्टरांनी परवानगी दिली. नवऱ्याच्या तोंडाचं माप विचारलं की बायका गोंधळून जायच्या. एकीने तर भाकरीएवढं म्हणून हाताने दाखवलं. मग केवळाबाई त्या माणसाचा चेहरा आठवायच्या आणि कात्री चालवायच्या.

त्यांचे स्वतःचे मालक, शेषेरावही तिथेच होते. एसटी डेपोत गाड्यांची इंजिनं खोलण्यात त्यांचा जन्म गेला, त्यात कानही गेले. फोनवर समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी फोन जवळ ठेवणंच सोडलं होतं. त्यांच्यासाठी केवळाबाईंनी मुद्दाम भडक पोपटी रंग घेतला आणि त्यांचा जबडा रुंद म्हणून मास्क दोन बोटं मोठा बेतला. या वयात मला पोपट करून राहिली का, असा निरोप त्यांनी नर्सकडून पाठवला. पण बांधला.

रोज संध्याकाळी ते गॅलरीत यायचे. हात मागे बांधून, बिघडलेली गाडी बघितल्यासारखं लिंबाकडे बघायचे आणि थोड्या वेळाने आत जायचे. हात करणं वगैरे नाही. चार लोकांत बायकोला हात करायचा म्हणजे त्यांच्या हिशेबी चावटपणाच. केवळाबाईंना तेवढं पुरायचं. पोपटी रंग दिसला की त्यांना रात्रीची भाकरी गोड लागायची.

आणि एके दिवशी पोपटी मास्कवाल्याने दोन्ही हात वर करून हलवले.

आज काका खुशीत दिसतात, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. केवळाबाईंचाही हात सवयीने वर गेला. पण तो मास्क नाकावरून सारखा घसरत होता आणि तो माणूस एका हाताने तो वर ओढून दुसरा हात हलवीत होता. आजाराने माणूस वाळतो, हे त्यांना ठाऊक होतं. वाळून माणूस इतका प्रेमळ होत नाही, हेही ठाऊक होतं.

मुलगा दयानंद सकाळीच औषधं आणायला म्हणून लातूरला गेला होता. घरी येताच त्यांनी सून शिल्पाला फोन लावायला सांगितला.

"दया, तुझा बाप कुठं हाय?"

"माय, तू तर आत्ताच बघून आलीस की."

"मी बघून आले त्यो दोन्ही हातांनी हात करीत होता. तुझ्या बापानं लग्नात सुदिक माझ्याकडं धड बघितलं न्हाई. खरं सांग."

दयानंदला रडू फुटलं. पहाटे ऑक्सिजन कमी झाला म्हणून शेषेरावांना लातूरला हलवलं होतं. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी पोपटी मास्क सोडला आणि शेजारच्या खाटेवरच्या मन्मथअप्पांच्या हातात दिला. सांजच्याला गॅलरीत जाऊन उभा ऱ्हा, न्हाईतर ती भिऊन जाईल, एवढंच सांगितलं. अप्पा कर्नाटकाच्या हद्दीवरचे, मुलगा हैदराबादला अडकलेला, त्यांना भेटायला कुणीच येत नव्हतं. ते हो म्हणाले.

केवळाबाईंना आधी संताप आला. मला काय कुक्कुलं बाळ समजले का, म्हणून त्यांनी समोर नसलेल्या शेषेरावांना भरपूर बोलून घेतलं. मग मशीनवर डोकं टेकून रडल्या. जन्मभर ज्याने जेवलीस का म्हणून कधी विचारलं नाही, त्याला श्वास पुरत नसताना आपल्या भीतीची काळजी होती, हे त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्या लिंबाखाली गेल्याच. अप्पांनी हात केला, त्यांनीही केला. अप्पांना वाटत होतं, आपण या बाईला सांभाळून घेतोय. ते त्यांना तसंच वाटू द्यावं, असं केवळाबाईंनी ठरवलं. आजारी माणसाला काहीतरी काम असलेलं बरं. फक्त तो मास्क घसरताना बघून त्यांचे हात शिवशिवायचे. लातूरहून कधी बरं, कधी बेताचं कळायचं. तरी त्या गल्लीला ठणकावून सांगायच्या, की सबंध गाडी खोलून पुन्हा जोडणारा माणूस हाय, असा तसा जायचा न्हाई. हे त्या लोकांसाठी बोलत नसत. त्यांचा खरंच विश्वास होता.

दयानंदचा फोन आला तो भर दुपारी. सगळं लातूरलाच उरकलं होतं. त्याला लांब उभं राहून नमस्कार करता आला, तेवढाच.

गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. जवळ येऊन गळ्यात पडायची सोय नव्हती. केवळाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोरच्या म्हातारीने तिकडूनच शिल्पाला बांगड्यांचं विचारलं. शिल्पाने नुसती नाही म्हणून मान हलवली.

ऊन उतरलं तशा केवळाबाई उठल्या, तोंड धुतलं, कुंकू लावलं आणि मास्क बांधू लागल्या.

"आत्याबाई, आज कुठं?" शिल्पा घाबरून म्हणाली.

"अप्पा वाट बघून राहिला असंल."

"त्यांना निरोप देते की मी नर्सकडं."

"काई द्यायचा न्हाई. मी दिसले न्हाई तर त्याला समदं कळंल. त्यो बी आजारी माणूस हाय, हाय खाईल." मग समोरच्या दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "बांगड्याचं उद्या बघू, काकू. आज हात मोकळे दिसून चालायचं न्हाई."

म्हातारी दारातून आत गेली.

लिंबाखाली उभ्या असलेल्या बायकांनी त्यांना बघून पुढे जागा करून दिली. गॅलरीत राणी, मोरपंखी, आमसुली एकेक रंग आला. शेवटी पोपटी आला, नाकावरून घसरलेला. अप्पांनी तो वर ओढला आणि दोन्ही हात हलवले. केवळाबाईंनीही दोन्ही हात डोक्याच्या वर नेले. बांगड्या कोपराकडे घसरल्या. अप्पा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले, तेवढा वेळ केवळाबाईंनी हात खाली घेतले नाहीत.

अप्पा आत गेले. ते नक्की आत गेल्याची खात्री करून घेतली, आणि मगच त्या खाली बसल्या.