साहेब, बाजूला सरका

वच्छलाबाईंना नट पायांवरून ओळखू येत. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तालमी थोड्या आणि प्रयोग फार. त्यामुळे प्रॉम्प्टरने रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून प्रत्येक वाक्य द्यायचे आणि नटाने ते वर उचलायचे. हे काम त्या सव्वीस वर्षे करत होत्या. आज समोर आलेले बूट मात्र नवे होते. ते आर्कादी झारूबिन नावाच्या रशियन नटाचे होते, आणि थरथरत होते.

दुपारी ताडोब्याचा गाइड निकेश या एकाहत्तर वर्षांच्या पाहुण्याला पोंभुर्ण्यातल्या तालमीला घेऊन आला होता. तीन दिवस हिंडून वाघ दिसला नव्हता, निदान नाटक तरी दिसावे म्हणून. इकडे गोऱ्या साहेबाचे काम करणाऱ्या लहानूचा आवाज बसलेला. कंपनीचे मालक नानाजी पाहुण्याकडे पाहतच राहिले.

"निकेश, याईले विचार ना. पावडरही नाई लागत!"

झारूबिन हसले, मग नाही म्हणाले, मग इंग्रजीत बराच वेळ बोलत राहिले. निकेशने त्यातले थोडेच सांगितले. चव्वेचाळीस वर्षे रंगभूमी, तीस सिनेमे. बहुतेकांत डॉक्टर, दोनदा खुनी. दोन वर्षांपूर्वी एका नाटकात, दोनशेहून अधिक वेळा म्हटलेले वाक्य ते विसरले. समोरच्या मुलीने ते म्हणून वेळ निभावली. तेव्हापासून ते रंगमंचावर चढले नव्हते.

"इथी पाठ कोण करते?" वच्छलाबाई म्हणाल्या. "त्याईले सांग, मी म्हणन तसं म्हणा. एकही शब्द सोडू नका."

झारूबिननी त्यांच्याकडे रोखून पाहिले आणि साहेबाची टोपी मागितली. चार वाक्ये म्हणून पाहिली. अर्थ कळत नव्हता, पण कान असा की उच्चार जसाच्या तसा.

आता, रात्रीच्या प्रयोगात, वच्छलाबाईंनी पहिले वाक्य दिले, "हे जंगल सरकारचं आहे!" वरून ते गडगडत आले. बुटांची थरथर थांबली. दुसरे गेले, तिसरे गेले. झारूबिनना रंग चढला, आणि ते सरकत सरकत नायिका झालेल्या रीताच्या नेमके पुढे येऊन उभे राहिले.

"भाऊ, बाजूले सरका!" वच्छलाबाई करवादल्या. "रीताचं तोंड दिसून नाई राह्यलं!"

साहेबांनी छडी उगारली. "भाऊ, बाजूले सरका! रीताचं तोंड दिसून नाई राह्यलं!"

आणि जागचे हलले नाहीत.

मंडप हसण्याने फुटला. वच्छलाबाई बुटांकडे पाहू लागल्या. आपलेच चुकले असे या माणसाला वाटणार, आणि आता उतरला तर कायमचाच उतरणार.

पण रीता कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "तुमीच सरका ना, साहेब! तोंड तर माह्यं आहे!"

"वन्स मोअर!" लोक ओरडले. झाडीपट्टीत हा हुकूम मोडता येत नाही. रीता पुन्हा मागे जाऊन उभी राहिली. वच्छलाबाईंनी घाईने पाने उलटली, पण संहितेत नव्हतेच ते पानावर कुठून असणार? रागात आपण नेमके काय बोललो, तेही धड आठवेना. त्या "थांबा" म्हणणार होत्या, आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. तेही वर गेले असते.

बूट स्थिर होते.

मग छडी हवेत गेली. कुणी काही दिले नसताना झारूबिननी वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटले, मध्ये थांबून लोकांना हसायला जागा ठेवत.

पडदा पडल्यावर ते खड्ड्याशी वाकले आणि काही बोलले.

"बाई, त्या वाक्याचा अर्थ विचारून राह्यले," निकेश म्हणाला.

वच्छलाबाईंनी संहिता मिटली. "उद्या सिरोंच्याले प्रयोग आहे. येतात का विचार. अर्थ गाडीत सांगन."