फ्लेक्काच्या कागदावर नसलेला रकाना

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पुढेही पाहाल असं वाटत नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, साधी चाकंसुद्धा नाहीत. मी जेमतेम दोन ओळींची एक जुनी क्वेरी आहे. क्वेरी म्हणजे विचारणा. मी एका प्रोग्रॅमच्या पोटात राहते, आणि कोणी बटण दाबलं की डेटाबेसकडे जाऊन एकच गोष्ट विचारून परत येते. आयुष्यभर मी एवढंच केलं. तरीही, हात नसताना, माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली. ती मी स्वतःच सांगितलेली बरी.

माझा जन्म आइसलंडच्या उत्तरेला एका खोऱ्यात झाला, गीदाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. गीदा तिथल्या शाळेत गणित शिकवते. खोऱ्यात घरं एकोणीस आणि मेंढ्या साडेसहा हजार, त्यामुळे तिथे माणसांपेक्षा मेंढ्यांचीच विचारपूस जास्त होते. जूनमध्ये मेंढ्या कोकरांसकट डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडायच्या आणि सप्टेंबरात घोड्यांवर बसून एकेक हुडकून खाली आणायच्या, ही तिथली रीत. खाली आणलं की दगडी भिंतींच्या गोल वाडग्यात कोंडायचं, मग प्रत्येक घराने कानावरच्या खुणा बघून आपापली मेंढी शिंगाला धरून ओढून न्यायची. हुडकायला जाणाऱ्यांच्या म्होरक्याला डोंगरराजा म्हणतात. हिमवादळाच्या आधी जी मेंढी सापडली नाही, ती गेली असं धरायचं.

कोण आलं, कोण वर राहिलं, हे पूर्वी एकोणीस घरांच्या एकोणीस वह्यांमध्ये असायचं. वह्या पावसात भिजायच्या, त्यांच्यावर कॉफी सांडायची, आणि एका घराची वही दुसऱ्याच्या वहीशी कधी जुळली नाही. त्यावरून भांडणं व्हायची. म्हणून गीदाने प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि त्यासाठी दस्तऐवजांचा डेटाबेस निवडला. दस्तऐवज हा फार भारदस्त शब्द झाला, मी आपली कागद म्हणते. प्रत्येक मेंढीचा एक कागद. गंमत अशी की सगळे कागद एकसारखे असायची सक्ती नव्हती. एका कागदावर नुसता कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि रंग असे दोनच रकाने, तर दुसऱ्यावर आई, बाप, आजारपणं, स्वभाव, सगळी कुंडली. ज्याला जे लिहावंसं वाटेल ते त्याने लिहावं. शेतकऱ्यांना ही मोकळीक फार आवडली.

माझं काम सोपं होतं. जूनमध्ये मेंढी सामाईक कुरणाच्या फाटकातून आत गेली की तिचा बिल्ला यंत्राने वाचायचा, आणि तिच्या कागदावर ‘परत’ नावाचा रकाना उघडून त्यात ‘नाही’ लिहायचं. सप्टेंबरात ती वाडग्यात आली की बिल्ला पुन्हा वाचायचा आणि तिथेच ‘होय’ लिहायचं. डोंगरराजाने फोनवर ‘वर कोण राहिलं?’ हे बटण दाबलं की मी निघायची आणि डेटाबेसला म्हणायची, ज्यांच्या ‘परत’ रकान्यात ‘नाही’ आहे, ते सगळे कागद दे.

पहिल्या वर्षी माझी जरा फजितीच झाली. मला प्रत्येक कागद उलगडून बघावा लागायचा. वाऱ्यात कुडकुडत उभा असलेला डोंगरराजा थोरग्रीम तपकीर ओढत म्हणाला होता, “गीदा, तुझी ही बाई यायच्या आत मी वर जाऊन मेंढीलाच विचारून येतो.” हा साठीचा, आडव्या अंगाचा माणूस, आणि त्याचा शब्द खोऱ्यात शेवटचा. गीदाने ते मनाला लावून घेतलं. पुस्तकाच्या शेवटी असते तशी एक अनुक्रमणिका तिने करून दिली. ज्या कागदांवर ‘परत’ हा रकाना आहे, तेवढ्यांचीच. मग मी अशी भरभर ये-जा करू लागले की थोरग्रीमने बोट बटणावरून उचलायच्या आत यादी हजर.

त्यानंतरची पाच वर्षं माझी चैन होती. मी आणलेली नावं वाचून माणसं डोंगर चढायची आणि नेमकी तीच मेंढरं घेऊन उतरायची. थोरग्रीम शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांना फोन दाखवून ऐट करायचा. हळूहळू वह्या माळ्यावर गेल्या. वाडग्यातून मेंढ्या नेल्यावर घरी जाऊन पुन्हा मोजायची सवयही सुटली. यादी आहे की, असं सगळे म्हणू लागले. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सहाव्या वर्षी, हुडकण्याच्या दुसऱ्या फेरीची मेंढरं खाली आल्यावर, शनिवारी दुपारी वाडग्याजवळ थोरग्रीमने बटण दाबलं. मी गेले, विचारलं आणि रिकामी परतले. एकही नाव नाही. लोकांनी थर्मासातली कॉफी ओतली, क्लेइनुरचा, म्हणजे तळलेल्या गोड पिळांचा, डबा फिरला. सोमवारी हिमवादळ येणार असं हवामानखात्याने सांगितलं होतं, आणि आता तिसऱ्या फेरीची गरजच उरली नव्हती. सगळे खूश होते.

तेवढ्यात हाल्बेरा पुढे आली. ही खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला एकटी राहते. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, मेंढ्या अकरा. आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, तेव्हा तिनेही सरळ हाक मारली.

“थोरग्रीम, फ्लेक्का आलेली नाही.”

फ्लेक्का म्हणजे तिची म्होरकी मेंढी. काळीपांढरी, उंच, काटक. अशा म्होरक्या मेंढ्या आता खोऱ्यात दोन-तीनच उरल्या आहेत. धुक्यात, बर्फात त्या पुढे चालतात आणि बाकीचा कळप मागून येतो.

“यादी रिकामी आहे, हाल्बेरा,” थोरग्रीम म्हणाला. “सगळ्या आल्या.”

“मग त्या यादीलाच घरी ने आणि चारा घाल. माझ्या गोठ्यात दहा आहेत. अकरावी नाही.”

लोक हसले. थोरग्रीमने तिला समजुतीने सांगितलं, की फ्लेक्का चुकून वाडग्यातल्या दुसऱ्या कोणाच्या कप्प्यात गेली असेल, दोन दिवसांत कळेल. ती वळून गेल्यावर कोणीतरी हळूच म्हणालं, की तिची नजर आता राहिली नाही, यंदा तिने मेंढ्या विकून टाकलेल्या बऱ्या. कोणी त्याला गप्प केलं नाही. हाल्बेराच्या पाठीला ते ऐकू गेलं असावं, कारण ती क्षणभर थांबली होती.

मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला राग आला, आणि तो हाल्बेराचा. मी कधी एक नाव जास्त आणलं नाही की कमी आणलं नाही, आणि ही माझ्यावर संशय घेते! गर्व वाईट असतो असं गीदा मुलांना शाळेत सांगते. ते मी बहुतेक ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी हाल्बेरा गीदाच्या दारात उभी. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. खोऱ्यात एकट्या तिनेच वही सोडली नव्हती. ती बसली, वही उघडली आणि म्हणाली, “मी चुकले असेन तर तू सांग. तुझं ऐकेन मी. मग मेंढ्याही विकेन.”

गीदाने मला बाजूला ठेवलं आणि फ्लेक्काचा कागद सरळ नंबर टाकून मागवला. कागद आला. रंग होता, आईचं नाव होतं, ‘दाराची कडी स्वतः उघडते’ असा शेरासुद्धा होता. ‘परत’ हा रकानाच नव्हता. त्यात ‘होय’ नव्हतं आणि ‘नाही’पण नव्हतं. गीदाने नंबर पुन्हा टाकून पाहिला, तोच कागद आला.

“हाल्बेरा, जूनमध्ये तू मेंढ्या फाटकातून नेल्या होत्यास ना?”

“फाटकातून कशाला? माझं घर शेवटचं. चार किलोमीटर खाली उतरायचं आणि तेवढंच परत चढायचं? माझ्या मागच्या कुंपणापलीकडे डोंगरच आहे. माझा आजा तिथूनच सोडायचा.”

तेव्हा सगळा उलगडा झाला. गीदा दर वसंतात प्रत्येक मेंढीचा नवा कागद काढते आणि ‘परत’ हा रकाना फाटकापाशी उघडतो. हाल्बेराच्या मेंढ्या फाटकावर कधी गेल्याच नाहीत. आजवर त्या सगळ्या धडधाकट परतायच्या, वाडग्यात ‘होय’ लिहिलं जायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. यंदा दहांच्या कागदावर ‘होय’ चढलं. फ्लेक्काचा रकाना मात्र उघडलाच नव्हता. मी ‘नाही’ लिहिलेले कागद मागत होते आणि तिच्या नावापुढे ‘नाही’ लिहायला तिथे कोणी नव्हतंच. अनुक्रमणिकेतही ती नव्हती. म्हणजे मी तिच्या कागदाजवळून गेलेसुद्धा नव्हते.

“चूक माझी आहे,” गीदा म्हणाली. “तू बरोबर मोजलंस.”

हाल्बेराने वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. तिचे डोळे भरून आले होते. माझ्या गर्वाचं काय झालं ते विचारू नका.

गीदाने माझ्या ओळीत एवढाच बदल केला: ‘परत’मध्ये ‘नाही’ असलेले नकोत, ‘होय’ नसलेले सगळे दे. मी गेले. या वेळी अनुक्रमणिका उपयोगाची नव्हती, पुन्हा पहिल्या वर्षासारखा प्रत्येक कागद उलगडला आणि त्रेचाळीस नावं घेऊन आले. गीदाने कपाळाला हात लावला. एवढ्या मेंढ्या वर असणं शक्यच नव्हतं.

“वाच एकेक,” हाल्बेरा म्हणाली.

गीदा नावं वाचत गेली आणि हाल्बेरा सांगत गेली. ही मार्चमध्ये मेली, मालकाने कळवलं नसेल. ही यंदा वर गेलीच नाही, घरामागेच चरते. ह्या सात पलीकडच्या खोऱ्यात विकल्या. खोऱ्यातल्या प्रत्येक मेंढीची खबर त्या बाईला होती. दीड तासाने तीन नावं उरली. एक फ्लेक्का. उरलेल्या दोघी, होसा आणि ग्राउना, थोरग्रीमच्या.

“त्यांचे खूर सुजले होते,” हाल्बेरा म्हणाली. “बऱ्या होईपर्यंत फाटक बंद झालं. मग त्याने माझ्याच कुंपणातून सोडल्या.”

गीदाने थोरग्रीमला फोन केला. तो म्हणाला, काहीतरीच काय, माझ्या तर सगळ्या आहेत. गीदाने विचारलं, मोजल्यास का? त्याने फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. आवाज उतरलेला होता.

“दोन कमी आहेत. घोड्यावर खोगीर घालतोय. हाल्बेराला सांग.”

थोरग्रीम आणि आणखी दोघं जण दुपारीच वर गेले. वादळ सोमवारची वाट न बघता रविवारी संध्याकाळीच आलं. सगळ्या खोऱ्याचा जीव टांगणीला लागला. आता तिथे नुसत्या मेंढ्याच नव्हत्या, माणसंही होती. त्यांना परत आणणारी कुठलीही विचारणा माझ्याजवळ नव्हती. रात्र त्यांनी डोंगरावरच्या खोपटात काढली आणि सोमवारी दुपारी ते उतरले. थोरग्रीमनेच पुढे सगळ्यांना सांगितलं, की समोर स्वतःच्या घोड्याचे कान दिसत नव्हते. फ्लेक्का आणि ग्राउना त्यांना ओढ्याच्या घळीत सापडल्या, आणि तिथून खाली येईपर्यंत फ्लेक्का पुढे चालली, माणसं तिच्या मागून. होसा सापडली नाही.

वाडग्यापाशी फ्लेक्काचा बिल्ला वाचला, तेव्हा तिच्या त्या वर्षीच्या कागदावर तो रकाना पहिल्यांदा उघडला. ‘होय.’

थोरग्रीम बर्फाने पांढरा झालेला तसाच हाल्बेरासमोर जाऊन उभा राहिला. “मी तुला विचारायला हवं होतं,” तो म्हणाला.

“विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” हाल्बेरा म्हणाली. “चल, कॉफी तापलीय. आणि होसाचं वाईट वाटतं मला.”

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. माझ्यापेक्षा चपळ आणि शहाण्या क्वेऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये आल्या आहेत. हाल्बेराने मेंढ्या विकल्या नाहीत. दर वसंतात नवे कागद काढताना गीदा मेलेल्या, विकलेल्या आणि वर न जाणाऱ्या मेंढ्यांचे कागद आता नीट काढून टाकते. होसाचाही ती काढणार होती, पण थोरग्रीमने तिला अडवलं. “राहू दे तो,” तो म्हणाला. “रिकामी यादी बघायचं आता धाडस होत नाही.”

तेव्हा मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आमच्यासारख्या विचारणा तुम्हीही कधीतरी लिहाल. त्या रिकाम्या परत आल्या, तर सगळं ठीक आहे असं लगेच धरू नका. त्यांना नेमकं काय विचारायला पाठवलं होतं ते आधी बघा. ज्याच्या कागदावर रकानाच नाही, त्याच्याबद्दल आम्हाला काहीच सांगता येत नाही. ते ज्यांना ठाऊक असतं, त्यांना विचारत चला.

दर सप्टेंबरात, शेवटच्या फेरीनंतर, थोरग्रीम बटण दाबतो. मी जाते आणि एकच नाव घेऊन येते: होसा. तो ते मोठ्याने वाचतो, फोन खिशात घालतो आणि मग एकोणीस घरांना, एकेकाचं नाव घेऊन विचारतो, तुमचं कोणी राहिलंय का. पहिलं नाव हाल्बेराचं असतं.