जमालचाचांची मुकी गाडी

जमालचाचांनी चावी फिरवली, कान दिला, काहीच ऐकू येईना म्हणून पुन्हा फिरवली, आणि गाडी कर्रर्र करून ओरडली.

"चाचा, चालू आहे ती! आधीच चालू झाली होती," अनुया धावत खिडकीशी आली.

"चालू आहे? मग बोलत का नाही?"

अनुया गॅस कंपनीची माणूस. पनवेलमधल्या शाळेच्या गाड्यांनी डिझेल सोडून सीएनजीवर यावं म्हणून चार महिने दारोदार हिंडत होती. सगळीकडे एकच उत्तर मिळायचं, "आधी जमालचाचा घेतात का बघा." चाचांच्या पाच गाड्या होत्या, अठरा वर्षांचा धंदा होता. शेवटी तिने आपल्या साहेबांच्या मागे लागून चाचांना एक नवी सीएनजी गाडी आठवडाभर वापरायला मिळवून दिली. पटली तर पाचही गाड्या बदलायच्या, नाही पटली तर शनिवारी चावी परत. चाचांनी नाही म्हटलं की पनवेलमधलं आपलं काम संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चाचांना मात्र गाडीपेक्षा नाव प्यारं. अठरा वर्षांत त्यांच्या गाडीतल्या एकाही पोराची शाळेची घंटा चुकली नव्हती. त्यांचा नियम सगळ्यांना पाठ होता. थांब्यावर दोन मिनिटं. हॉर्न नाही, हाका नाही. दोन मिनिटं झाली की गाडी निघाली, मग पोरगा कलेक्टरचा का असेना!

सोमवारी नवीन पनवेलच्या पहिल्या थांब्यावर कुणीच नव्हतं. चाचा दोन मिनिटं थांबले आणि निघाले. पुढच्या थांब्यावरही चिटपाखरू नाही. विचुंब्यात तर एक कुत्रं तेवढं गाडीकडे बघत बसलं होतं. चाचांचा पारा चढत चालला. आईबापांना आता पोरांच्या शाळेचीही फिकीर राहिली नाही, असं पुटपुटत ते पुढचे थांबे घेत गेले. नियम म्हणजे नियम.

सात वाजून दहा मिनिटांनी, अगदी ठरल्या वेळेला, गाडी शाळेच्या फाटकात उभी राहिली. आत एकही मूल नव्हतं.

वॉचमन कमलाकरने आत वाकून पाहिलं. "चाचा, पोरं वाटेत सांडली की काय?"

तेवढ्यात फोन वाजायला लागला, तो थांबेचना. पोरं डबे-दप्तरं घेऊन घरात तयार बसली होती आणि गाडीचा पत्ता नव्हता. विचुंब्याच्या सखूबाईंनी तर चाचांना दुपारी रस्त्यातच गाठलं.

"तुजी गाडी नाक्यावर वाजली का आमी पोरीच्या पायात चपला घालतो. आज वाजलीच नाय, तं आमी काय करनार?"

घ्या! म्हणजे अठरा वर्षं सगळा रस्ता चाचांच्या डिझेलच्या धडधडाटावर चालला होता. लांबून आवाज आला की कुणी डब्याचं झाकण लावायचं, कुणी पोराला आंघोळीतून ओढून काढायचं. घड्याळाकडे बघायची कुणाला गरजच पडली नव्हती.

घरी चाचांची बायको फरिदाबी हसून हसून बेजार झाल्या. "रिकामी गाडी वेळेवर नेलीत! आणि धूर नाही म्हणून मी आज कपडे वाळत घालायची दोरी अंगणात बांधली, त्याचं कौतुक नाही कुणाला."

"हसा. अठरा वर्षांची अब्रू एका सकाळी गेली," चाचा म्हणाले. "शनिवारी चावी परत. बात खतम."

गाडीची खबर घ्यायला आलेल्या अनुयाचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "शनिवारपर्यंत तरी हाका मारून बघा ना, चाचा."

"हाका काय मारू? नावं कुणाला माहीत आहेत?"

ते खोटं नव्हतं. चाचांच्या डोक्यात 'नाक्यावरचा जाड्या' होता, 'चष्मेवाली' होती, 'विचुंब्याची मुकी' होती. ही मुकी म्हणजे सखूबाईंची नात. दोन वर्षं चाचांच्या पाठीमागच्याच सीटवर बसायची, पण तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. चाचांना ती पोर जरा शिष्टच वाटायची.

अनुयाने फोन करकरून यादी बनवली. मंगळवारपासून चाचा थोडे लवकर निघायला लागले. प्रत्येक थांब्यावर उतरायचे, चष्मा नाकावर चढवायचे आणि बँकेतल्यासारखी नावं पुकारायचे. "राजस! अरसलान! यूम्ना!" पोरांना भारी मजा वाटली. मुद्दाम दारामागे लपून दुसऱ्या हाकेची वाट बघायला लागली, लबाड कुठली.

बुधवारी गाडी चालवता चालवता चाचांना मागून स्वतःचाच आवाज ऐकू आला. "दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं! बात खतम!" जाड्या, म्हणजे राजस, त्यांची नक्कल करत होता आणि बाकीची पोरं खिदळत होती. चाचांनी आरशात डोळे वटारले. पण दाढीत हसू आलंच. जुन्या गाडीत मागे दंगल झाली असती तरी त्यांना कळलं नसतं.

शुक्रवारी दुपारी पोरांना सोडत ते विचुंब्यात आले. सखूबाईंची नात तीन दिवस तापाने घरीच होती, आज पहिल्यांदाच नव्या गाडीत बसली होती. मुकी दप्तर सावरत उतरली, दाराशी थांबली आणि बारीक आवाजात म्हणाली,

"चाचा, सावकाश जा हां."

चाचांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"सावकाश जा."

"आज बरी बोलायला लागलीस, वेणू!"

पोरगी गोंधळली. "मी तर रोजच म्हणते."

सखूबाई दारातून पुढे आल्या. "रोजच बोलते ती. तिचा बापूस उरनला टरक घेऊन जातो, त्याला पन असाच सांगते. मंग मना इचारते, आजी, चाचा माझ्यावर रागावलेत काय? कदी काय बोलतच नाय."

दोन वर्षं, रोज! त्या डिझेलच्या धडधडाटात एकदाही ऐकू आलं नाही, आणि आपण तिला शिष्ट म्हणत होतो. चाचांना स्वतःची लाज वाटली.

"नाही गं बेटी, रागावतो कशाला? सावकाशच जातो मी. एकदम सावकाश."

वेणू तेवढं उत्तर घेऊन उड्या मारत घरात गेली. मागून राजस ओरडला, "चाचा, दोन मिनिटं झाली!" तरी चाचांनी गाडी हलवली नाही.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळेला अनुया फाटकाशी आली. हेल्मेट काखेत, चेहरा पडलेला. तिने हात पुढे केला.

"द्या चाचा, चावी."

चाचांनी चावी खिशात टाकली आणि वर खिशाचं बटण लावलं.

"ही राहू दे. बाकीच्या चार कधी आणतेस?"

अनुयाने पुढे केलेला हात मागे घेतला. "चारही? पण तुम्ही तर म्हणाला होतात... पटली का गाडी, चाचा? अ‍ॅव्हरेज बघितलंत का?"

"अ‍ॅव्हरेज नंतर बघू," चाचा म्हणाले. घंटा झाली, पोरं फाटकाकडे धावत सुटली, आणि ते दार उघडायला वळले. "त्या चार गाड्यांवर माझे चार ड्रायव्हर आहेत. त्यांनाही रोज कुणी काही म्हणत असेल की नाही? त्यांना ऐकू यायला नको?"