कोपरा कापलेली कार्डे

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, आज मला पाहिलेत तर तुम्ही जोड्यांची पेटी समजाल, आणि त्यात तुमची चूक नाही. पण माझ्या पोटात एकेकाळी सहाशे माणसे राहत होती. प्रत्येक जण एका जाड कार्डावर.

मला घडवणाऱ्या सुताराला कित्येक वर्षे ऐकू येत नव्हते. कानाची यंत्रे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा दुकानात त्याला पहिले यंत्र मिळाले, आणि स्वतःच्या रंध्याचा आवाज त्याने पुन्हा ऐकला. त्या आनंदात त्याने मला केले आणि दुकानाला भेट दिले. मी खिडकीजवळच्या टेबलावर स्थिरावले आणि टेबलामागे बसणाऱ्या ताईंची झाले.

कोणाचे यंत्र कधी साफ करायचे, कोणाच्या यंत्राचा कानात बसणारा साचा सैल झाला, कोणाशी डाव्या बाजूने बोलायचे, हे ताई कार्डांवर बारीक अक्षरात लिहीत. सहा महिने झाले की त्या माणसाला बोलावणे धाडत. अशी सव्वीस वर्षे गेली. म्हातारे मालक म्हणायचे, "दुकान माझं, पण गिऱ्हाईक ताईंचं." हे ऐकून मी अशी फुगत असे की झाकण नीट बसत नसे. (खरे तर ती हवेतली ओल होती, पण मला माझे कारण अधिक आवडते.)

पुढे मालक थकले आणि कारभार त्यांच्या सूनबाईंकडे आला. त्या कष्टाळू होत्या, मनाने चांगल्या होत्या. त्यांनी टेबलावर संगणक आणला आणि त्यात ग्राहकांची माहिती ठेवणारी प्रणाली बसवली. तिला त्या सीआरएम म्हणत.

"ताई, महिनाभर शिकून बघा," त्या म्हणाल्या. "जमलं तर खिडकी तुमचीच. नाहीच जमलं, तर आतल्या खोलीत यंत्रं साफ करायला बसा. तुम्हाला काढत नाहीये मी."

ताई हसल्या, पण त्यांचा हात बराच वेळ माझ्या झाकणावर होता. आतल्या खोलीत यंत्रे येतात, माणसे येत नाहीत.

मग शिकवणी सुरू झाली. एका माणसाची एकच नोंद करायची. प्रत्येक भेट तिच्याखाली लिहायची. पुढचे काम आणि त्याची तारीख टाकली की त्या दिवशी संगणक स्वतःच आठवण करतो. ताईंनी पहिल्याच दिवशी एका शिक्षिकेची नोंद तीनदा केली. जादा नोंदी पुसायला गेल्या तर पडद्यावर प्रश्न आला, 'ग्राहक हटवायचा आहे का?' ताई म्हणाल्या, "कशाला हटवू? बसू दे की, गुडघे दुखतात तिचे." सूनबाई पोट धरून हसल्या. मीही हसले असते, पण माझे झाकण उघडे होते आणि कार्डे सांडली असती.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत ताईंनी सहाशेच्या सहाशे कार्डे दिव्याखाली धरून, एकेक अक्षर वाचून उतरवली. मी रिकामी होत होते आणि त्या शिकत होत्या. वाईट कशाचे वाटून घ्यावे हेच मला कळेना.

ताई नोंदी करीत असतानाच संगणक सहा महिने झालेल्यांची यादी काढत होता आणि सूनबाई त्यांना फोन लावत होत्या. एके दुपारी त्या यादी घेऊन आल्या. एकोणीस जणांनी तीन-तीनदा फोन करूनही उचलला नव्हता. प्रणालीने त्यांच्यापुढे 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारला होता. आणखी एकदा तसेच झाले की त्यांची नोंद बंद होणार होती.

"ताई, एकोणीस नंबर चुकलेत," सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "राहू दे. तुम्ही प्रयत्न केलात."

ताईंनी ती एकोणीस कार्डे शोधून काढली आणि आकडा आकड्याशी ताडून पाहिला. एकही चुकलेला नव्हता. कार्डे परत माझ्यात ठेवताना त्यांचा अंगठा सवयीने उजव्या कोपऱ्यावरून फिरला आणि थांबला. कोपरा कापलेला होता. दुसऱ्याचाही. एकोणीसच्या एकोणीस.

"अगं बाई, हे कान मीच कापलेत," ताई म्हणाल्या. "ज्यांना फोनवर अजिबात ऐकू येत नाही ना, त्यांचा कोपरा कापायचा. त्यांना पत्र टाकायचं. हे कुठं लिहिलेलंच नाही."

सूनबाईंनी हातातल्या यादीकडे पाहिले. "म्हणजे मी बहिऱ्यांना फोन करत बसले?"

"तीन-तीनदा," ताई शांतपणे म्हणाल्या.

मित्रांनो, ती खूण ताईंच्या डोक्यात कधी नव्हतीच. ती अंगठ्यात होती. डोळ्यांनी अक्षरे उतरवली, अंगठ्याला कोणी विचारले नाही.

त्या संध्याकाळी दोघी शेजारी बसल्या. प्रत्येक नोंदीत 'संपर्क कसा साधावा' अशी एक ओळ होती आणि तिथे आधीपासूनच 'फोन' लिहिलेले होते. सूनबाईंनी एक ओळ बदलून दाखवली. उरलेल्या अठरा ताईंनी स्वतः बदलल्या, एकदाही न विचारता. मग एकोणीस पत्रे लिहिली.

आठवड्याने एक निवृत्त घड्याळजी खिशात पत्र घेऊन आले. त्यांच्या कानात यंत्र नव्हते. "मळ साचून बंद पडलं," ते मोठ्याने म्हणाले. "दर वेळी पत्र यायचं, यंदा वेळेवर आलं नाही. म्हटलं दुकान उठलं. आता कोण विचारतंय आपल्याला." ताईंनी त्यांना बसवले आणि त्या त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या. सूनबाईंनी यंत्र साफ करून दिले आणि खिडकीजवळची खुर्ची ताईंसाठी ओढून ठेवली. महिना संपायला अजून तीन दिवस होते. पण आतल्या खोलीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

आता माझ्यात पत्रांसाठी कोरे कागद असतात. माझी विनवणी एवढीच आहे, मित्रांनो. नवे यंत्र जरूर शिका, ताई शिकल्या तसे मन लावून शिका. पण जुने बाजूला ठेवताना त्याच्यावरून एकदा हात फिरवा. आमच्या दुकानात नवा माणूस आला की ताई अजून नावही विचारत नाहीत. आधी पडद्यावरची 'फोन' लिहिलेली ती ओळ रिकामी करतात, त्याच्याकडे तोंड करतात आणि सावकाश विचारतात, "तुम्हाला कसं कळवू?"