पाणभुंग्याची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना पाणभुंगा आहे. नखाएवढा, काळा, पंखांना पिवळी कड. मला मरून ऐंशी वर्षं झाली, पण मनात एक गोष्ट सलते आहे, ती आज सांगूनच टाकतो.

वीटभट्टीच्या मागे एक तळं होतं. तिथे एका शाळामास्तरांनी मला जाळीत पकडलं. पाठीत टाचणी खुपसली आणि त्याच टाचणीत खाली बारीक अक्षरातली चिठ्ठी ओवली: भट्टीमागचं तळं, तारीख, मास्तरांचं नाव. टाचणीचा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण ती चिठ्ठी म्हणजेच माझं घरदार.

संग्रहालयात सुरुवातीला माझे फार लाड झाले. मुलं काचेला नाक लावून मला बघायची. मग आमचा खण बंद झाला, तो वर्षानुवर्षं. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि अंधार. माझी टाचणी गंजली आणि चिठ्ठीच्या भोकाभोवती तांबडा डाग पडला.

एके दिवशी खण उघडला. आमचे फोटो आणि चिठ्ठ्यांवरचे पत्ते संगणकात घालून जगात कुणालाही घरबसल्या बघता यावेत, असं ठरलं होतं. मी हरखून गेलो! कपाटं सांभाळणाऱ्या काकांनी फोटोवाल्या ताईला बजावलं, "एकाची चिठ्ठी काढायची, फोटो घ्यायचा, परत लावायची. मगच दुसऱ्याला हात लावायचा." ताई कामाला चोख होती. पण रोज तीनशे फोटो हवेत, म्हणून संग्रहालयाच्या साहेबांचा तगादा. एका दुपारी तिने घाईघाईत चौघांच्या चिठ्ठ्या एकदम काढल्या. माझी चिठ्ठी शेजारच्या दुसऱ्या जातीच्या भुंग्याला गेली आणि त्याची, डोंगरातल्या झऱ्याची, मला लागली. मेलेला भुंगा ओरडणार तरी कसा?

पुढच्याच महिन्यात तळ्याकाठच्या लोकांचं पत्र आलं. तळं बुजवून तिथे गोदाम होणार होतं. पिवळ्या कडेचा पाणभुंगा इथे कधी सापडला होता का? हा दुर्मिळ भुंगा इथला असल्याचा पुरावा मिळाला तर काम थांबेल, असं त्यांनी लिहिलं होतं. ताईने संगणकात पाहिलं आणि प्रामाणिकपणे कळवलं, "नाही. तो फक्त डोंगरात सापडलाय."

काही दिवसांनी खण साफ करताना काकांनी मला भिंगाखाली धरलं. "अगं, टाचणी एवढी गंजलेली आणि चिठ्ठीचं भोक कोरं कसं?"

ताईने शेजाऱ्याची चिठ्ठी पाहिली. भोकाभोवती तांबडा डाग. तिचा चेहरा पडला. "काका, माझ्याच हातून झालं हे," म्हणत तिने तिथूनच पत्र पाठवणाऱ्या तळ्याकाठच्या माणसाला फोन लावला. पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू आला, "ताई, भराव टाकून झाला हो. आठवडा झाला."

ताई आता एका वेळी एकच चिठ्ठी काढते आणि लावल्यावर दोनदा वाचते. तिच्यावर माझा राग नाही, पण दुःख आहे. मित्रांनो, कुणाचं नाव-गाव तुमच्या हाती आलं, तर तेवढं तरी घाई न करता हाताळा. माझा पत्ता आता जगात कुणालाही वाचता येतो, अगदी बरोबर लिहिलेला. तिथे गोदामाचे खांब उभे राहिले आहेत.