मागच्या दाराचं अंतर

सासऱ्यांची परीक्षा सुनेने घ्यायची, असला उलटा न्याय जगात कुठे नसेल. पण या घरावर ती पाळी आली. सून ज्या दवाखान्यात कामाला होती तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "तपासणीचं यंत्र तूच चालवतेस, तर त्यांचंही तूच बघ. फक्त नातं बाजूला ठेव." सांगायला काय जातं? नातं म्हणजे काय छत्री आहे, कोपऱ्यात उभी करून ठेवायला?

सासरे आयुष्यभर बस चालवत आले. गेल्या हिवाळ्यात मेंदूत रक्ताची गुठळी झाली. औषधाने ती विरघळली, हातापायांत बळ परत आलं, जीभ तर पूर्वीपेक्षा तिखट झाली. पण एकट्याने बाहेर पडायची बंदी. मुलाचं म्हणणं, बाबांना अंतराचा अंदाज उरला नसेल तर रस्ता ओलांडताना काय करायचं? तपासणी नीट आली तर जाऊ देत खुशाल. नाहीतर पहिल्या तारखेपासून सोबतीला माणूस ठेवायचा. "मी काय उतू जाणारं दूध आहे, कोणी उभं राहून राखायला?" एवढं बोलून सासऱ्यांनी जे तोंड मिटलं ते मिटलंच. सोबतीच्या माणसाच्या नुसत्या कल्पनेने ते खंगत चालले होते, आणि सुनेला ते बघवत नव्हतं.

तपासणी म्हटली तर पोरखेळ. खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवायचा. आत एक रिकामा रस्ता दिसतो आणि पुढे लांब एक पिवळा खांब. खांब नीट बघून घ्यायचा. मग तो नाहीसा होतो आणि रस्ता सरकायला लागतो. पाय जागच्या जागी. पण डोळ्यांना वाटतं, निघालो आपण. खांब होता तिथे पोचलो असं वाटलं की बटण दाबायचं, रस्ता थांबतो. एवढ्यातच भलेभले फसतात. नुसत्या डोळ्यांनी कापलेली वाट आहे त्याहून लांब वाटते, म्हणून बहुतेक जण खांबाच्या अलीकडेच थांबतात. डॉक्टरीणबाई स्वतः अलीकडे थांबतात. सूनही.

सासरे पलीकडे जात. थोडेथोडके नाही, चांगले पुढे. खांब जवळ असो की लांब, स्वारी तो ओलांडून जाई आणि मग निवांत बटण दाबी.

"पोचलात?" ती विचारी.

"अगदी बरोबर लागली," ते म्हणत.

पडद्यावरचे आकडे ती पुन्हा पुन्हा तपासून बघे. रस्त्यावर उशिरा थांबणारा माणूस, म्हणजे... पुढचं तिला मनातसुद्धा म्हणवेना. जेवताना नवऱ्याने विचारलं तेव्हा "अजून चालू आहे" म्हणून तिने वेळ मारून नेली. आकडे हळूच अलीकडे सरकवावेत, असंही तिच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोला. पण उद्या काही झालं तर? इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सुनेला पडद्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून ती सासऱ्यांकडेच बघत बसली. आणि घोडं कुठे पेंड खातंय ते तिला दिसलं. बटण दाबायच्या जरासं आधी त्यांची मान किंचित एका बाजूला वळत होती. दर वेळी.

"बाबा, तिकडे काय बघता?"

"आरसा."

"आत आरसा आहे?"

"नाही ना, तीच तर पंचाईत आहे. अंदाजाने घ्यावं लागतं." ते शांतपणे म्हणाले. "मागचं दार खांबाशी लागायला नको? माझ्या गाडीत माणसं मागून चढायची. मीच खांबापाशी थांबलो तर त्यांनी काय मागे धावत सुटायचं? कोणी पोटुशी असते, कोणाच्या कडेवर मूल असतं."

सुनेला एकदम भरून आलं. उभा जन्म या माणसाने आपण कुठे पोचलो ते पाहिलंच नव्हतं. मागच्यांना चढता येईल ना, तेवढंच पाहिलं होतं. डॉक्टरीणबाई उगाचच खिशात पेन शोधायला लागल्या. "त्यांना समजावून सांग," त्या म्हणाल्या, "आणि पुन्हा घे."

तिने खुर्चीजवळ बसून त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, हा रस्ता बसचा नाही. तुमच्या मागे गाडी नाही. खांबापाशी पोचायचंय ते तुम्ही, एकट्याने."

त्यांनी मान जराशी मागे वळवली. मग म्हणाले, "मागे कोणीच नाही?"

"नाही, बाबा."

"मग सोपं आहे," ते म्हणाले, पण बटणाकडे जाता जाता हात अडला. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात एकट्यापुरता चहा ठेवताना त्यांचा हात असाच अडला होता.

रस्ता सरकला. या वेळी मान वळली नाही. खांबाच्या किंचित अलीकडे, चारचौघांसारखे, ते थांबले. पुन्हा घेतलं, पुन्हा तसेच. डॉक्टरीणबाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या यांना एकट्याने." सुनेचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्याच्या दारापर्यंत ती त्यांना सोडायला आली. "जा बाबा, आता तुम्हाला कोणी अडवणार नाही."

ते बाहेर पडले, चार पावलं गेले आणि उभे राहिले. "तुझी सुट्टी कधी होते?"

"वेळ आहे अजून."

"मग बसतो इथे."

"अहो, एकट्याने जाता यावं म्हणून तर एवढा आटापिटा केला ना?"

"केला. आणि जमलंही," ते बाकावर टेकत म्हणाले. "आता सोबतीला कोण हवं, ते मी ठरवणार."

ती आत गेली, डोळे पुसले आणि कधी नव्हे ते लवकर सुट्टी मागितली.